कोट्यातून ॲडमिशन मिळेल, पण पहिल्या सेमिस्टरचं काय?

आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देते:

"मॅडम, आम्ही मुंब्र्यात कौसाला राहतो. मिस्टरांचं गाद्या-उशांचं छोटं दुकान आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पिंजारी. घरात मराठीच बोलतो. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला ८४ पर्सेंटाइल आहेत. तिला कॉम्प्युटर इंजिनियरिंग करायचंय. मोठ्या मुलालाही इंजिनियरिंगला घातलं होतं. पहिल्या वर्षी चार केट्या लागल्या, म्हणजे चार विषय राहिले, दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेजच सोडलं, आता मोबाइलच्या दुकानात बसतो. तो म्हणतो, तिथे आपल्याला कुणी विचारत नाही, हिला आपल्याच लोकांच्या कॉलेजात टाका. दीर म्हणतात, अल्पसंख्याक कोट्यातून पनवेलला घ्या. मुलीला मैत्रिणींबरोबर ठाण्यात जायचंय. मुसलमानांना आरक्षण नाही म्हणून सेवा केंद्रवाल्याने ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढायला सांगितलाय. ओळखीतला एकजण दोन लाखांत कोट्याची सीट पक्की करून देतो म्हणतो. मिस्टर म्हणतात, एकदा हात पोळलेत, आता साधं बी.एस्सी.ला घाला. मुलगी स्कार्फ बांधते, त्याचीही धाकधूक आहे. काय करू? — एक आई"

ताई,

दोन लाखांचं आधी उरकते. त्या माणसाला आजच नाही म्हणून सांगा. अल्पसंख्याक कोट्यातली सीट मेरिटवर लागते, सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, आणि ती 'पक्की' करणं कुणाच्याही हातात नसतं. असे लोक बहुतेक वेळा कॉलेजच्या स्वतःच्या पातळीवर भरल्या जाणाऱ्या जागांबद्दल बोलत असतात. तिथेही अर्ज थेट करता येतो आणि वरकड पैसे मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फीविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय अशी सीट घेतली की सरकारी फीसवलत हातची जाते, कारण ती कॅपमधून आलेल्यांनाच मिळते. म्हणजे दोन लाख देऊन वर चार वर्षांची फी अंगावर घ्यायची.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय: 'मूळचे सातारा जिल्ह्यातले, पिंजारी.'

मुसलमान म्हणून सरसकट आरक्षण महाराष्ट्रात नाही, हे खरं. २०१४ च्या जुलैत राज्य सरकारने अध्यादेश काढून ५ टक्के दिलं होतं. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधलं थांबवलं, शिक्षणातलं राहू दिलं. पण पुढे त्या अध्यादेशाचा कायदा झालाच नाही आणि तो आपोआप संपला. तेव्हापासून मोहल्ल्यामोहल्ल्यात 'आपल्याला काही नाही' हे वाक्य इतकं घट्ट बसलंय की ज्यांना आहे तेही बघायला जात नाहीत. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे, ओबीसीच्या यादीला नाही. राज्याच्या ओबीसी यादीत मुसलमानांमधल्या कितीतरी व्यवसायाच्या जाती आहेत, आणि पिंजारी त्यात आहेत. राज्यात ओबीसींना १९ टक्के आरक्षण आहे. म्हणजे तुमची मुलगी 'ओपन' नाहीच.

यातून दुसरी गोष्ट निघते. ईडब्ल्यूएसचा दाखला अजिबात काढू नका. तो ज्यांची जात कुठल्याच आरक्षित यादीत नाही त्यांच्यासाठी आहे. सेवा केंद्रवाल्याने धर्माचा रकाना बघितला आणि जात विचारलीच नाही, असं दिसतं. उद्या पडताळणीत जात निघाली तर ती सीट अडचणीत येईल.

ओबीसीसाठी तीन कागद लागतात: जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता, म्हणजे पडताळणी समितीने तो दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र. नॉन-क्रीमीलेअर उत्पन्नावर आहे, ८ लाखांच्या आत. गादीच्या दुकानावर तो प्रश्न येऊ नये. खरी मेहनत जातीच्या दाखल्याला आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात: त्या दिवशी कुटुंब कुठे राहत होतं, याचा पुरावा. तुमचे सासरे किंवा आजेसासरे तेव्हा साताऱ्याकडे असणार. मग दाखला ठाण्यात निघणार नाही, तुमचं गाव ज्या प्रांताधिकाऱ्यांच्या हद्दीत येतं तिथूनच काढावा लागेल. कागद वडिलांच्या बाजूचे हवेत. तुमच्या माहेरचे कितीही जुने असले तरी त्यांच्यावर दाखला मिळणार नाही.

इथे बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं, ते आधीच सांगते. सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला काढलात की जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. गुरुजींनी त्या काळात तेवढंच लिहिलं. ते बघून लोक परत फिरतात. परत फिरू नका. त्याच शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सासऱ्यांच्या भावांच्या, चुलत्यांच्या नोंदी बघा. एखाद्याच्या नावापुढे 'मुसलमान पिंजारी' किंवा 'पिंजारी' असू शकतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही असते, तिची नक्कल मागा. जमिनीचा जुना फेरफार असेल तर तोही काढा. आणि भावकीत कुणी आधीच जात वैधता काढली असेल तर निम्मं काम झालं म्हणायचं, कारण वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता हा समितीपुढे सगळ्यात वजनदार पुरावा असतो. आधी साताऱ्याला फोन लावून भावकीत विचारा, मग एसटीत बसा. आणि हे काम थोरल्याला द्या. मिस्टरांना दुकान बंद ठेवावं लागणार नाही, आणि तो मुलगा कागदांत हुशार असणार, इंजिनियरिंगच्या प्रवेशातून एकदा गेलेला आहे.

हे सगळं यंदाच्या कॅपच्या तारखांत बसेल का? कदाचित नाही. दाखला आला आणि वैधतेसाठी अर्ज टाकल्याची पोच असेल, तर ती चालते का आणि किती मुदत मिळते, हे सीईटी सेलच्या यंदाच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय चाललं त्यावर जाऊ नका, नियम दरवर्षी हलतात. वेळेत नाही जमलं तर मेरिटवर आणि अल्पसंख्याक म्हणून अर्ज करायचाच. पण काम अर्धवट टाकू नका. हे कागद नुसते सीटसाठी नाहीत, तिच्या पुढच्या शिक्षणाला, सरकारी नोकरीला आणि धाकट्या भावंडांना, असतील तर, तेच लागणार आहेत.

आणि फीसाठीही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही १०० टक्के माफ झाली. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर. विकास शुल्क आणि कॉलेजचे बाकीचे खर्च मात्र भरावे लागतात, ते आधी विचारून ठेवा. ओबीसीचे कागद नाही झाले तर महाडीबीटीवरच अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्जही. ठाणे तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल या आठवड्यातच काढून घ्या, ते सगळीकडेच लागतात.

आता कोट्याबद्दल. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजात ५१ टक्क्यांपर्यंत जागा त्याच समाजाच्या, महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. 'त्याच' या शब्दाकडे लोक दुर्लक्ष करतात. वाशीचं फादर ॲग्नेल ख्रिस्ती अल्पसंख्याक आहे, ठाण्याचं ए. पी. शाह जैन अल्पसंख्याक. तिथल्या अल्पसंख्याक जागा तुमच्या मुलीच्या नाहीत. तिथे ती उरलेल्या जागांवर, सगळ्यांसारखी मेरिटवर जाऊ शकते. तिच्या कोट्याची कॉलेजं म्हणजे मुस्लिम अल्पसंख्याक: न्यू पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर, भायखळ्याचं साबू सिद्दीक वगैरे. आणि उलटंही लक्षात ठेवा: अल्पसंख्याक कॉलेजांत जातीचं आरक्षण लागू नसतं. म्हणजे ओबीसीची सीट बिगर-अल्पसंख्याक कॉलेजांत, मुस्लिम कोट्याची सीट मुस्लिम संस्थांत. तुमच्या मुलीसमोर हे दोन्ही दरवाजे आहेत, म्हणून फॉर्म भरताना धार्मिक अल्पसंख्याकाचा रकाना आणि प्रवर्गाचा रकाना दोन्ही नीट भरा.

सीईटी सेलच्या साइटवर गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या असतात. प्रत्येक कॉलेजच्या नावाखाली त्याचा दर्जा छापलेला असतो, आणि खाली रकाने. एलओबीसी म्हणजे ओबीसी मुली, एमआय म्हणजे अल्पसंख्याक. मुलीला वही घेऊन बसवा आणि कॉम्प्युटर, आयटी, एआय या शाखांपुढे या दोन रकान्यांतले आकडे उतरवायला सांगा. ८४ ला काय दिसतं ते एका संध्याकाळी कळेल, आणि घरातल्या निम्म्या वादाला जमीन सापडेल.

पनवेल की ठाणे? मी तुमच्या दिरांच्या बाजूने नाही आणि मुलीच्याही पूर्ण बाजूने नाही. अंजुमन ही १८७४ पासूनची संस्था आहे, तिथे शिकणं म्हणजे काही कमीपणा नाही, आणि पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आजूबाजूला ओळखीचं वातावरण असलं तर फायदाही होतो. मला पटत नाही ते 'दुसरीकडे आपलं कुणी नाही' या भीतीपोटी तिथे टाकणं. भीतीने घेतलेल्या सीटवर मुलं मनापासून बसत नाहीत. प्रवासही मोजा. मुंब्र्याहून स्लो लोकलने ठाणे, तिथून पूल चढून ट्रान्स-हार्बरचा प्लॅटफॉर्म, मग पनवेल गाडीत तासभर, पुढे रिक्षा. दिवा-पनवेल मार्गाच्या गाड्या मोजक्याच, त्यांच्या भरवशावर रोजचं कॉलेज होत नाही. येऊन-जाऊन चार तास गेले तर कॉलेज सुटल्यावर ती तिथे पाच मिनिटंही थांबणार नाही. ही पाच मिनिटं का महत्त्वाची, ते पुढे सांगते. पनवेलच ठरलं तर हॉस्टेलचा किंवा नातेवाइकांकडे राहण्याचा विचार करा, निदान पहिल्या वर्षी.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, मात्र मुलीने भरायचा, दिरांनी नाही. २०२५ पासून नियम कडक झालाय: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर ती सीट घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. कुणाचं मन राखायला वर लिहिलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. तिला जिथे खरंच जायचंय ते सगळ्यात वर, मग दुसरं, मग तिसरं.

आता तुमच्या मुलाबद्दल. तुम्ही त्याच्याबद्दल चार ओळी लिहिल्यात, पण सगळं पत्र त्याच्यावरच उभं आहे. मिस्टरांचं बी.एस्सी., त्याचं स्वतःचं 'आपल्या लोकांत टाका', तुमची धाकधूक, सगळं त्या चार केट्यांतून आलंय.

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्रीसमन नावाच्या गणिताच्या तरुण शिक्षकाला असाच प्रश्न पडला होता. शाळेत चांगले गुण मिळवून आलेली कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला धडाधड नापास होत होती. प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं तयार होती: मन लागत नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, पैसा नाही. ट्रीसमनने ऐकीव उत्तरं बाजूला ठेवली आणि मुलं अभ्यास कसा करतात ते कित्येक महिने जाऊन पाहिलं. घरचे लोक तळमळीने मागे उभे होते. मुलं मेहनतही करत होती. पण एकेकटी. खोलीत बसून, सांगितले तेवढे तास. गणित अडलं की अडलंच, आणि आपलं चुकतंय हे परीक्षेच्या निकालातच कळायचं. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः सोडवायची आणि मग रात्री एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासायची, कुणाला काय आलं नाही, सर कसा पेपर काढतात, सगळं तिथे बोललं जायचं. ट्रीसमनने कृष्णवर्णीय मुलांचे तसे गट बसवले. 'कच्च्या मुलांचा जादा तास' नव्हे, उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं, एकत्र बसून. नापासांचं प्रमाण एकदम खाली आलं.

आता तुमच्या मुलाला विचारा, आरोप म्हणून नाही: पहिल्या सेमिस्टरला मॅथ्स अडलं की तू कुणाला विचारायचास? मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला शिकवलं, मुंब्रा-दिव्याची अशी मुलं दर वर्षी पाहिली. वर्गात मागच्या बाकावर, चांगली, शांत. लेक्चर संपलं की गर्दीच्या आधीची गाडी पकडायला पळणार. मेकॅनिक्सच्या जर्नलवर सही राहिली म्हणून डिफॉल्टर यादीत नाव लागायचं आणि ते कळायचं आठवड्याने, कारण वर्गाच्या ज्या ग्रुपवर फोटो पडला त्यात ती नसायची. ड्रॉइंगची शीट पुन्हा काढून आणा म्हटलं तर कशी, हे विचारायला सीनियर नाही. बिल्डिंगमध्येही कुणी इंजिनियर नाही. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ च्या अहवालात २००१ च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी-पदविकावाले साधारण ७ टक्के, तर मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. ज्या घरात मामा, चुलतभाऊ, शेजारी इंजिनियर असतो तिथे 'केटी लागली तर असं कर' हे जेवताना ऐकायला मिळतं. तुमच्याकडे ते कुठून येणार? 'आपल्याला कुणी विचारत नाही' हे त्याचं म्हणणं मी खोटं मानत नाही. पण आपल्या लोकांच्या कॉलेजातही एकटा मुलगा एकटाच राहतो, हेही पाहिलंय.

म्हणून मुलीसाठी कॉलेज कुठलंही लागो, पहिल्या सेमिस्टरला घरातले नियम थोडे बदला. कॉलेज सुटल्यावर तास-दीड तास लायब्ररीत किंवा कँटीनमध्ये तीन-चारजणींबरोबर बसून गणितं सोडवून मगच गाडी. उशीर का झाला, असा फोन त्या वेळात करायचा नाही. मैत्रिणींबरोबर ठाण्यात जायचा हट्ट या दृष्टीने मला वेडगळ वाटत नाही, मैत्रिणी अभ्यास करणाऱ्या असतील तर तो तिचा तयार गटच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिने आपल्या मेंटॉर शिक्षकांना जाऊन भेटायचं, काही अडलेलं नसलं तरी. प्रत्येक कॉलेजात वीस-पंचवीस मुलांमागे एक नेमलेले असतात आणि बहुतेक मुलं त्यांना कधीच भेटत नाहीत. पहिल्या टेस्टचे मार्क घरी बघा, ओरडण्यासाठी नव्हे. तिथे वीसपैकी सहा असतील तर डिसेंबरच्या पेपरला अजून वेळ असतो. मराठी माध्यमातून शिकली असेल तर पहिला महिना इंग्रजीने दमेल, व्हायवात अडखळेल. दिवाळीपर्यंत सुटतं ते.

स्कार्फबद्दल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेंबूरच्या एका कॉलेजच्या हिजाबबंदीच्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली होती. इंजिनियरिंग कॉलेजांत स्कार्फ बांधून येणाऱ्या मुली भरपूर दिसतात. वर्कशॉपमध्ये लेथजवळ मात्र ओढणी, मोकळे केस, सैल बाही काहीच चालत नाही, सगळ्यांनाच. घट्ट बांधलेला स्कार्फ घालून ती काम करू शकते. कुणी टोचून बोललं तर प्रत्येक वेळी लढायला सांगू नका आणि प्रत्येक वेळी गिळायलाही नको. तारीख, वेळ, कोण, काय बोललं, हे लिहून ठेवायचं, आणि दुसऱ्यांदा झालं की मेंटॉरकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे लेखी. रॅगिंगसारखं काही असेल तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा क्रमांक आहे, चोवीस तास.

मिस्टरांना सांगा, बी.एस्सी. वाईट नाही, पण मुलगी ते 'हात पोळले' म्हणून करणार असेल तर तिथेही मन लागणार नाही. तिला आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्सचं बी.एस्सी. स्वतःहून हवं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ऑप्शन फॉर्मच्या कुठल्याच फेरीत मनासारखं नाही लागलं तर तो रस्ता उघडा ठेवा, त्याचे अर्ज आधी सुरू होतात.

थोरल्याला घेऊन त्याच्या जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात एकदा जाऊन या. मार्कशीट घ्या, किती विषय राहिलेत, माजी विद्यार्थी म्हणून केट्या देता येतात का, कोणत्या वर्षापर्यंत, हे खिडकीवर विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी मागा. मुदत गेली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, दुकान सांभाळून पदवी करता येते. तोवर बहिणीपुढे त्याचं उदाहरण देणं बंद करा. सातारची कागदपत्रं आणली की ऑप्शन फॉर्म भरताना तिच्या शेजारी त्यालाच बसवा. पहिल्या वर्षाचा कोणता विषय कुठे अडतो, हे तुमच्या घरात फक्त त्याला माहीत आहे.